वंशावळ आणि स्पेसबार

मागच्या महिन्यात एका दुपारी धारवाडहून फोन आला. माझ्या वडिलांच्या आत्याची नात, म्हणजे नात्यानं माझी बहीणच. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. हालहवाल झाली, दोघींच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग म्हणाली, "अगं, तू ते घराण्याचं लिहून टाकलंयस ना, ते नातवानं मोबाईलवर मोठं करून दाखवलं. सगळं छान आहे. एकच सांग, आमच्या आजीची आई कुठं गेली?"

मला काही कळेना. मी म्हटलं, आहे की वंशावळीत. ती म्हणाली, "ती आहे ती सावत्र. सख्खी कुठाय?"

फोन ठेवला, संगणक लावला आणि बघितलं तर खरंच नव्हती. आमच्या पणजोबांची पहिली बायको, १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगात गेलेली, मागे तीन वर्षांची मुलगी ठेवून गेलेली, ती माझ्या पानावरून साफ पुसली गेली होती. तिची मुलगी दुसरीच्या पोटी जमा झाली होती. आणि हे कुणा इतिहासकारानं केलेलं नव्हतं, मी केलं होतं. वर्डमधला मजकूर जालावर डकवताना.

हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण माझ्यासारखी जुनी कागदपत्रं जालावर चढवणारी मंडळी वाचकांत बरीच आहेत, हे मला ठाऊक आहे.

आमच्या दादानं निवृत्तीनंतर घराण्याची हकीकत लिहिली. चौसष्ट पानं. १९९८ साली गावातल्या टंकलेखन करून देणाऱ्या दुकानात ती त्यानं वर्डमध्ये टाईप करून घेतली, चाळीस प्रती काढल्या आणि लग्नकार्यात वाटल्या. दादा २०११ मध्ये गेला. प्रती कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या रद्दीत. फाईल मात्र भाच्यानं फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राईव्हवर अशी जपून आणली होती. गेल्या वर्षी ती मी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. चौसष्ट पानं नुसती खिचडी. मला वाटलं, फाईल सडली.

सडलेली नव्हती. त्या काळात छपाईवाले जे मराठी टंक वापरत, त्यात संगणकाच्या लेखी मराठी नसेच. संगणक साठवायचा ती इंग्रजी अक्षरांचीच क्रमचिन्हं. टंक तेवढा त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. गणपतीच्या मेळ्यात आमच्या गल्लीतला पोरगा राजा व्हायचा, तसं. मुकुट काढला की खाली तोच पोरगा. तो टंक ज्या संगणकावर नाही, तिथे मुकुट उतरतो आणि खालची अक्षरं उघडी पडतात. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत आणि विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा युनिकोड टंक होता (तो घडवणारे र. कृ. जोशी २००८ मध्ये गेले. आपण रोज ज्यांची अक्षरं वाचली त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?). पण गावातल्या दुकानांना हातात बसलेली पद्धत सोडवेना, आणि १९९८ मध्ये दादाला कोण सांगणार होतं?

असो. अशा फायलींसाठी जालावर परिवर्तक मिळतात. इकडून खिचडी घाला, तिकडून मराठी काढा. मी घातली, आणि खरोखर मराठी बाहेर आलं! दादाची वाक्यं. दादाचा तो 'वास्तविक पाहता' जिथे तिथे. मी पदर डोळ्याला लावला आणि तिथेच पहिली चूक केली. वाचायला बसायचं सोडून भावनेत बसले.

शांतपणे वाचल्यावर एकेक दिसू लागलं. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. परिवर्तकाला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो गोंधळतो. रफाराचंही तेच. टायपिस्टनं विसर्गाच्या जागी अपूर्णविराम मारलेला, त्यामुळे 'दुःख' दिसतं बरोबर, पण शोधायला गेलात तर सापडत नाही. संपूर्ण हकीकतीत दुःख शोधलं तर शून्य ठिकाणी मिळालं. आमच्या घराण्याच्या हकीकतीत! :-)

सगळ्यात फसवं प्रकरण 'दऱ्या'चं. मराठीत 'दऱ्या' वेगळ्या आणि 'दर्या' वेगळा, हे आम्ही सातवीला शिकवायचो. संगणकात हा फरक कित्येकदा एका न दिसणाऱ्या जोडचिन्हावर उभा असतो. मजकूर स्वच्छ करणारं एखादं साधन ते चिन्ह कचरा समजून काढून टाकतं आणि आपल्याला कळतही नाही. दादानं लिहिलं होतं की आजोबा महाबळेश्वराच्या दऱ्या उतरून पायी कोकणात जात. माझ्या पानावर ते दर्या उतरून जात होते. तीन महिने कुणी बोललं नाही. एक तर कुणी वाचत नाही, किंवा आजोबांच्या बाबतीत लोकांना काहीही शक्य वाटतं.

आणि मग आजोबांचा जमाखर्च. दादानं वहीतून जसाच्या तसा उतरवून घेतलेला. जुन्या हिशेबात सव्वादोन रुपयांना २। लिहीत, अडीचला २॥ आणि पावणेतीनला २॥।. टायपिस्टला दंड कुठं आहे हे सापडलं नसावं, त्यानं सरळ कान्याची कळ दाबली. कागदावर दिसायला एकच. परिवर्तकानं इमानदारीनं आकड्यांना काने लावून दिले आणि पडद्यावर प्रत्येक रकमेपुढे टिंबांची वर्तुळं आली. ती मी एका फटक्यात काढून टाकली. त्याबरोबर आजोबांचे सगळे पावले, निम्मे आणि पाऊण रुपये गेले. बेरीज जुळेना तेव्हा लक्षात आलं. गणित माझा विषय नव्हता, पण बेरीज न जुळण्याइतकी प्रामाणिक गोष्ट दुसरी नाही. शब्दांत अशी बेरीज नसते, म्हणून तिथल्या चुका सुखानं नांदतात.

आता पुढची पायरी. परिवर्तित मजकूर मी वर्डमध्ये नीट मांडला, ठळक केला, मध्यभागी घेतला, आणि उचलून जालावर डकवला. माझ्या पडद्यावर देखणा दिसला. भाच्याचा न्यू जर्सीहून निरोप आला, "मावशी, वरती 'नॉर्मल झिरो फॉल्स फॉल्स फॉल्स' असं काय लिहिलंयस?" पूर्वी असल्या ओळी कित्येकांच्या लेखांच्या डोक्यावर दिसायच्या, तेव्हा मला वाटायचं ही काहीतरी तरुण मंडळींची फॅशन असेल. वर्डमधून उचललेला मजकूर एकटा येत नाही, पाठीवर सगळं बिऱ्हाड घेऊन येतो: टंकाचं नाव, आकार, दोन ओळींमधलं अंतर, समास, भाषा, रंग, आणि वर्डचे स्वतःचे खासगी निरोप. भाच्यानं मला त्या पानाची एचटीएमएलची बाजू दाखवली. दीड पानी मजकुराखाली सात-आठ पानं तण! परिणाम असा की अक्षरांचा आकार बांधलेला, त्यामुळे मोबाईलवर मोठा होईना. दोन्ही कडा जुळवलेल्या, त्यामुळे मराठीतल्या लांब शब्दांमध्ये अशा फटी पडलेल्या की पडक्या दातांची आठवण व्हावी. आणि ज्यांनी पडदा काळा ठेवलाय त्यांना काळ्यावर काळं.

यावर जो तो एकच औषध सांगतो: आधी नोटपॅडमध्ये डकव, तिथून उचल. किंवा कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाब. किंवा ते 'फॉरमॅटिंग काढून टाका'चं बटण आहे ना, ते दाब. औषध खरं आहे. (नोटपॅडमध्ये साठवणार असाल तर यूटीएफ-८ मध्ये साठवा. जुन्या नोटपॅडमध्ये ते आपण निवडावं लागायचं, नाही तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसायची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून ते आपसूक होतं.) मीही ते घेतलं. मजकूर धुऊन काढला, कोरा, नितळ. आणि आता माझं म्हणणं जे आहे ते इथे सुरू होतं.

हे औषध सांगणारे असं गृहीत धरतात की अक्षरं म्हणजे मजकूर आणि बाकी सगळी सजावट. हे मला साफ नामंजूर आहे. दादानं प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की ज्याला कागदाचा पुरावा आहे ते सरळ अक्षरांत, आणि जे आजी-आत्यांच्या तोंडून ऐकलं ते तिरप्या अक्षरांत. चौसष्ट पानं त्यानं हा नियम पाळला होता. जुन्या शाळामास्तरची शिस्त. मी एका बटणात सगळं सरळ केलं. त्याबरोबर आजीनं सांगितलेली भुताची गोष्ट आणि मामलेदार कचेरीतला १९०३ चा दाखला एकाच तोलाचे झाले. दादा असता तर माझ्याशी आठ दिवस बोलला नसता. तिरपेपणा ही सजावट नव्हती, ती साक्ष होती.

ओव्यांचंही तसंच. आमच्या आत्यांच्या जात्यावरच्या ओव्या दादानं टिपल्या होत्या. ओवीची ओळ मोडते ती श्वास घ्यायला. वर्डमध्ये नुसतं एंटर म्हणजे नवा परिच्छेद आणि शिफ्ट-एंटर म्हणजे नुसती नवी ओळ, हा फरक टायपिस्टला ठाऊक नव्हता आणि मलाही नव्हता. डकवल्यावर काही ओव्या गद्य होऊन एकामागे एक धावू लागल्या आणि काहींच्या दर ओळीनंतर एवढी मोकळी जागा पडली की दळण दळणारी बाई मध्येच झोपली असावी.

आणि वंशावळ. ती दादानं स्पेसबारनं काढून घेतली होती. वर पणजोबा मध्यभागी. त्याखाली डावीकडे 'प्रथम पत्नी', उजवीकडे 'द्वितीय पत्नी'. डावीखाली एकटी आक्का, उजवीखाली चार मुलं. मध्ये तिरक्या रेघा. कागदावर लहान पोरालाही कळावं इतकं स्वच्छ. पण जालाच्या पानाला मोकळ्या जागेचं मोल नसतं. दहा स्पेस दिल्यात काय आणि शंभर दिल्यात काय, एचटीएमएल त्यांची एकच करतं. वेगळं काही सांगितलं नसेल तर नवी ओळसुद्धा त्याच्या लेखी एक स्पेसच. धुतलेला मजकूर मी थेट एचटीएमएलच्या खिडकीत डकवला आणि घराण्याचं झाड आडवं होऊन एक लांब दोरी झाली: पणजोबा, प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, आक्का, आणि पुढे चौघे. रेघा मी आधीच कचरा म्हणून काढल्या होत्या.

छापील प्रत माळ्यावरच्या ट्रंकेत. शिडीवर चढायला मला मनाई. मी ती दोरी वाचली. द्वितीय पत्नीनंतर पाच नावं, म्हणजे पाचही तिचीच. पहिली लवकर गेली एवढं लहानपणी ऐकलेलं, तेव्हा तिला मूल नसणार असं मीच ठरवलं, आणि ज्या बाईला मूल नाही तिचं वंशावळीत काम काय, असंही मीच ठरवलं. हे शेवटचं लिहिताना हात अडखळतो आहे. आयुष्यभर मुलींना शिकवलं, आणि एका कोऱ्या जागेत काय भरायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा हातून हे निघालं. त्यात संगणकाचा काही दोष नाही.

धारवाडची बहीण सांगत होती, तिच्या आजीला आईचा चेहरा आठवत नसे. फक्त आपल्याला एक आई होती आणि ती वेगळी होती, एवढंच ती सगळ्यांना सांगत राहायची. "नव्वदीपर्यंत सांगायची गं," ती म्हणाली. "आम्ही कंटाळायचो."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी काय, दुरुस्त कर.

तर दुरुस्ती करताना मी काय करते आहे ते सांगते. डकवण्याआधी छापील प्रत शेजारी ठेवते (ट्रंक शेजारच्या मुलानं उतरवून दिली). कोऱ्या मजकुराशी ती ओळीओळीनं ताडून बघते, मोठ्यांदा वाचून. डोळा फसतो, जीभ दर्यात पडली की थबकते. तिरपी अक्षरं पेन्सिलीनं खुणावते आणि पानावर पुन्हा हातानं तिरपी करते. तुमचा मजकूर युनिकोडमध्येच असेल तर सोपी युक्ती आहे: वर्डच्या शोधा-बदला खिडकीत शोधायच्या खान्यात काही न लिहिता फक्त तिरपेपणा निवडायचा, आणि बदलायच्या खान्यात तारा, टोपी, अँपरसँड, तारा अशी चार चिन्हं लिहायची. जिथे जिथे तिरपं आहे तिथे दोन्ही बाजूंना तारे लागतात आणि ते धुण्यात टिकतात. दादाच्या फाईलला हे लागू पडलं नाही, त्या टंकात तारा म्हणजे भलतंच अक्षर होतं.

ठळक, रंग, मध्यभागी घेणं, टंकाचं नाव, हे सगळं मात्र मी आनंदानं फेकून दिलं. इथे औषधवाल्यांशी माझं भांडण नाही. ल आणि श मोबाईलवर हिंदी वळणाचे दिसतात म्हणून मी पूर्वी फार जीव जाळायची. २००९ च्या शासननिर्णयात मराठी वळणं ठरवून दिली होती, पण युनिकोडमध्ये ल हा एकच ल आहे, त्याचं वळण कसं काढायचं ते वाचणाऱ्याच्या यंत्रातला टंक ठरवतो. ते माझ्या हातात नाही. सोडून दिलं.

काही आप्तांनी सुचवलं, एवढी यातायात कशाला, सरळ पानांचे फोटो काढून टाक, जसं आहे तसं दिसेल. वंशावळीपुरता मी एक फोटो टाकलाही आहे. पण चौसष्ट पानांचे फोटो टाकायला माझा विरोध आहे. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि आमचे एक दृष्टी गेलेले मावसभाऊ मोबाईलकडून वाचून घेतात, त्यांना साध्या फोटोतून काही मिळत नाही. त्यांनीच तर मला विचारलं होतं की मध्येच ती बाई 'फॉल्स फॉल्स' काय म्हणते.

वंशावळ आता मी वाक्यांत लिहिली आहे. "पणजोबांचा पहिला विवाह अमक्या घराण्यातल्या मुलीशी झाला. तिला एक मुलगी, आक्का. ती १८९७ च्या प्लेगात वारली." लिहून झाल्यावर दिसलं की 'ती' म्हणजे कोण, आई की मुलगी? दहावीच्या मुलाला याबद्दल मी अर्धा गुण कापला असता. पुन्हा लिहिलं.

छापील वंशावळीत त्या बाईचं नावही नाही, नुसतं 'प्रथम पत्नी'. दादाला कागद मिळाला नसणार आणि विचारायला त्यानं धारवाडला फोन केला नसणार. मी केला. बहिणीनं तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं नाव सांगितलं, माहेरचंही आणि सासरचंही. दोन्ही पानावर घातली आहेत. ऐकीव आहेत, म्हणून तिरप्या अक्षरांत.